पुलाखाली कोण उतरणार?

माझ्या धाकट्या मुलाला सिव्हिल इंजिनिअरिंग घ्यायचंय. सीईटीत पर्सेंटाइल चांगले आलेत, कॉम्प्युटरला सहज प्रवेश मिळेल, आणि नेमक्या त्याच कारणानं घरात वाद पेटलाय. माझा थोरला भाऊ सार्वजनिक बांधकाम खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाला. माझी लेकही सिव्हिलचीच. आधी ठेकेदाराच्या साईटवर होती, आता जुन्या बांधकामांची तपासणी करणाऱ्या एका छोट्या फर्ममध्ये आहे. भाऊ म्हणतो, घेऊ दे. लेक म्हणते, अजिबात नाही. कॅपचा, म्हणजे केंद्रीय प्रवेशप्रक्रियेचा, पसंतीक्रम भरायला थोडेच दिवस उरलेत. रविवारी जेवणं झाल्यावर दोघं बोलायला बसले, ते दिवेलागणीपर्यंत उठले नाहीत. मी या विषयातली नाही. पण नदीवरच्या ज्या पुलावरून रोज शाळेत शिकवायला जाते तो उभा राहावा, यात माझाही जीव गुंतलाय. म्हणून त्यांचं बोलणं आठवेल तसं लिहून काढलं. इथं त्यांना मामा आणि भाची एवढंच म्हणते.

मामा : पोराला आवडतंय ना? मग अडवायचं कशाला? आणि कामाला तोटा आहे का? राष्ट्रीय महामार्गच आज जवळपास दीड लाख किलोमीटर झालेत. समृद्धी 701 किलोमीटर, नागपूरपासून मुंबईच्या वेशीपर्यंत पूर्ण सुरू झाला. आमच्या वेळी जिल्ह्यात एखादा मोठा पूल निघाला तर सुट्टी टाकून बघायला जायचो. आज अटल सेतूचा साडेसोळा किलोमीटरचा भाग समुद्रावर आहे. असा काळ इंजिनिअरला परत मिळत नाही.

भाची : कामाला तोटा नाही, मामा. ते करणाऱ्याच्या शब्दाला किंमत नाही. मी साईटवर रुजू झाले तेव्हा बाईमाणसासाठी संडास नव्हता. पाणी कमी प्यायचं, हाच उपाय. रात्री स्लॅब भरायचा असला की पहाटेपर्यंत उभं राहायचं, पगार दोन-दोन महिने लांबायचा. तेही सोसलं. जे सोसलं नाही ते वेगळंच होतं.

मामा : काय?

भाची : क्यूब. त्यालाही कळू दे म्हणून नीट सांगते. काँक्रीट भरताना त्याच मालातून पंधरा सेंटिमीटरचे ठोकळे भरून ठेवायचे, 28 दिवस पाण्यात ठेवायचे आणि मग मशिनखाली दाबून फोडायचे. काँक्रीट कसं झालंय याचा कागदावरचा पुरावा तो. आमच्या साईटवर क्यूबसाठी माल वेगळा कालवायचे. सिमेंट सढळ, पाणी मोजून. स्लॅबमध्ये जाणाऱ्या मालात मात्र मिस्त्री वरून पाणी ओतणार, कारण तो सळ्यांमधून पटकन सरकायला हवा. मी अडवलं तर उत्तर तयार असायचं, "मॅडम, क्यूब पास होतायत ना?" मी रिपोर्टवर सही केली नाही. दुसऱ्यानं केली. मला दुसऱ्या साईटवर पाठवलं. काम एक दिवसही थांबलं नाही. नाही म्हणणाऱ्यावाचून तिथं काहीच अडत नाही, एवढं मला माझ्या भावाला सांगायचंय.

मामा : थांब जरा. तू नाही म्हणालीस, पण कशाच्या जोरावर? जास्तीचं पाणी पुढं उडून जातं, मागं बारीक छिद्रं राहतात, त्यांतून हवा आणि ओल सळईपर्यंत पोचते. सळई गंजते. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, तो आतून रेटतो आणि वरचं कव्हर फोडून बाहेर येतो. मिस्त्रीला आजचा स्लॅब दिसत होता, तुला पंधरा वर्षांनंतरचा दिसला. चार वर्षं शिकून माणसाला हीच नजर येते.

भाची : नजर येते. अधिकार येत नाही.

मामा : अधिकार आधी ज्ञानाला मिळतो, मग माणसाला. तू ऐकलेली गोष्ट आहे, पण त्यानं नीट ऐकलेली नाही. 1967 सालची 11 डिसेंबरची पहाट. मी दहा वर्षांचा, पाटण तालुक्यातल्या आपल्या घरी. साडेचार वाजायच्या आत जमीन अशी हलली की आजीनं आम्हाला अंथरुणासकट अंगणात ओढलं. कोयनानगर पार कोसळलं. सुमारे 180 माणसं गेली. तोवर सगळे धरून चालले होते की दख्खनचं पठार म्हणजे जुना, निवलेला खडक, इथं काही व्हायचं नाही. धरण 103 मीटर उंच. त्याला तडे गेले. वरच्या भागात, मागच्या बाजूचा उतार जिथं एकदम बदलतो त्या उंचीवर, पुढून आणि मागून. ज्या हादऱ्याचा हिशेब धरून ते बांधलं होतं त्याच्या कितीतरी पट मोठा हादरा त्यानं खाल्ला, आणि तरी उभं राहिलं. खाली कराड होतं, सांगली होती.

भाची : ते नशीब होतं की इंजिनिअरिंग?

मामा : दोन्ही. म्हणूनच पुढं जे झालं ते मला जास्त मोलाचं वाटतं. तडे भरले, मागून काँक्रीटचे आधार देऊन तो भाग जाड केला. देशाचा भूकंपाचा नकाशा नव्यानं काढला आणि आपला मुलूख वरच्या धोक्याच्या पट्ट्यात टाकला. धरणातच बसवलेल्या यंत्रानं तो हादरा टिपला होता. ती नोंद आजही जगभर धरणांचं गणित तपासायला वापरतात. दहा वर्षांच्या पोराला यातलं काही कळत नव्हतं. पण नंतर धरणावर माणसं आली, तडा मोजायला लागली, वहीत लिहायला लागली, ते मी बघितलं. घाबरलेल्या गावात न घाबरता मोजणारी माणसं. कराडच्या गव्हर्नमेंट कॉलेजात सिव्हिलला नाव घातलं ते त्यांच्यासाठी.

भाची : कोयना मीही शिकले, मामा. धरणाचा छेद ए-वन शीटवर काढला. काढला म्हणजे सीनियरच्या शीटवर कागद ठेवून, काचेखाली दिवा लावून जीटी मारली. सगळेच मारतात. सरांना माहीत असतं. तडा कुठं गेला हे त्या शीटवर नव्हतं. चार वर्षांत आम्ही जे काही काढलं, मोजलं, डिझाइन केलं ते सगळं नवं होतं. नवी इमारत, नवा पूल, नवं धरण. आधीपासून उभ्या असलेल्या बांधकामाकडं कसं बघायचं, हा एक ऐच्छिक विषय होता आणि शिकवायला कुणी नाही म्हणून आमच्या वर्षी चाललाच नाही. देशात सहा हजारांहून जास्त मोठी धरणं आहेत. त्यांतली दोन हजारांहून जास्त एकट्या महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. पूल आणि मोऱ्या तर लाखांनी. या सगळ्याची काळजी घेणारा माणूस कॉलेज तयारच करत नाही.

मामा : साईटवर गेल्यावर शिकतो माणूस.

भाची : सावित्री पुलावर शिकायला कुणाला मिळालं?

यावर भाऊ गप्प बसला. 2 ऑगस्ट 2016 ची ती रात्र कोकणात माणूस असलेल्या प्रत्येक घराला आठवते. महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरचा, इंग्रजांच्या काळातला दगडी कमानींचा पूल पुरात गेला आणि अंधारात दोन एसटी गाड्या, शिवाय इतर वाहनं, सरळ नदीत गेली. आमच्या शाळेतल्या शिपायाचे नातलग त्या दिवसांत काठाकाठानं शोध घेत होते. मी लेकीला म्हटलं, तो विषय आत्ता नको. ती ऐकणारी नव्हती.

भाची : आई, तोच विषय आहे. त्या पुलाची त्याच वर्षी मे महिन्यात पाहणी झाली होती. वाहतुकीला योग्य असा शेरा होता, हे विधानसभेत सांगितलं गेलं. म्हणजे पाहणी झाली नाही असं नाही. पाहणी होऊन पूल गेला. मला झोप लागू देत नाही ती ही गोष्ट.

मामा : सावित्रीचं मी बोलणार नाही, मी तिथं नव्हतो. नदीचं सांगतो, कुठल्याही. पूर आला की खांबाच्या तोंडाशी पाणी अडतं, खाली सूर मारतं आणि पायाभोवतीची वाळू उकरून नेतं. खड्डा पडतो. आणि पूर ओसरताना तीच नदी त्या खड्ड्यात गाळ भरून ठेवते. उन्हाळ्यात जाऊन बघशील तर पात्र सपाट, पाया झाकलेला, सगळं ठीक. खरी खोली मोजायची तर पाणी चढलेलं असताना किंवा ओसरता ओसरता मोजावी लागते. मे महिन्यातली पाहणी पुलाचा वरचा निम्मा भाग बघते. कठडे, डांबर, फटींत उगवलेला पिंपळ.

भाची : हे कॉलेजात शिकलात?

मामा : कॉलेजात लेसीचं सूत्र शिकलो. पुराचं पाणी किती, वाळू किती जाड, त्यावरून पाया किती खोल उकरला जाईल ते काढायचं. ते आजही तोंडपाठ आहे. पण भरलेला खड्डा ओळखायचा कसा, हे एका वडार म्हाताऱ्यानं दाखवलं. खात्याच्या कामावर दगड घडवायला यायचा. त्यानं पायाशेजारी बांबू खुपसला. एका जागी बांबू हातभर गेला नाही, चार पावलांवर अर्धा आत गेला. म्हणाला, साहेब, जुनी वाळू बांबू घेत नाही, ह्यो औंदाचा गाळ हाय. त्या दिवसानंतर माझ्या जीपमध्ये कायम एक बांबू असायचा.

हे ऐकताना मला राहून राहून वाटत होतं, या म्हाताऱ्याला कुठल्या कॉलेजनं कधी वर्गात का बोलावलं नसेल? आपल्याकडच्या जुन्या दगडी पुलांचा, घाटातल्या मोऱ्यांचा, बंधाऱ्यांचा काळा पाषाण ज्या हातांनी घडवला त्यांच्यापाशी नदीचं पिढ्यान्‌पिढ्या साठवलेलं ज्ञान होतं. ते मजुरीच्या दरात मोजलं गेलं आणि त्यांच्याबरोबर संपत चाललंय. इंजिनिअर घडवण्याच्या आपल्या पद्धतीतली ही मोठी उणीव आहे असं मला मनापासून वाटतं, आणि त्यासाठी इंजिनिअर असायची गरज नाही.

मामा : पण म्हणून बांधणाऱ्यांचं मोल कमी करू नकोस. कोकण रेल्वे घे. 1990 ला कंपनी स्थापन झाली, 1998 च्या जानेवारीत अख्खा मार्ग सुरू. सातशेचाळीस किलोमीटरच्या आसपास. नव्वदहून जास्त बोगदे. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा. रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा पूल 64 मीटर उंच, आणि त्याचा गाळा एका टोकाला भरत भरत खांबांवरून पुढं ढकलत नेलेला. आपल्या देशात ती पद्धत तिथंच पहिल्यांदा वापरली. पेडण्याच्या बाजूला बोगदा खणायचा तर डोंगर म्हणजे चिखल. आज खणावं, उद्या भरून यावं. माझ्या ओळखीतली नुकती पदवी घेतलेली पोरं तिकडं गेली आणि परत आली ती पुरती इंजिनिअर होऊन. मुंबईतल्या गिरणीत किंवा बोटीवर राबलेल्या किती पिढ्या गणपतीला गावी जायला दोन दिवस घालवत होत्या, हे तुला ठाऊक नाही. ती गाडी आली आणि कोकणाचं अंतर बदललं. देश बांधणं म्हणतात ते याला.

भाची : मान्य. शंभर टक्के मान्य. पण ती गाडी आज चालते कशी ते पण सांगा ना. दर पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक लागतं, गाड्या सावकाश धावतात. दरडींच्या जागी जाळ्या आणि पहारा. रात्रभर पावसात कंदील-बॅटरी घेऊन रुळांवरून चालणारी माणसं. 2003 च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ दरड येऊन गाडी घसरली, पुढच्याच वर्षी पुन्हा मोठा अपघात. त्यानंतर कटिंगचे उतार कमी केले, जाळ्या मारल्या, गस्त वाढवली. बांधून झाल्यावर जे काम सुरू झालं ते अजून संपलेलं नाही, आणि त्याचा फोटो कुणाच्या घरी भिंतीवर नाही. तुमच्या हॉलमध्ये कोकण रेल्वे उभारणाऱ्या श्रीधरनांचा आहे.

मामा : आहे, आणि राहणार. पण त्यांचंच उदाहरण देतो. त्यांचं नाव पहिल्यांदा झालं ते कशामुळं? नव्या बांधकामामुळं नाही. 1964 च्या डिसेंबरात वादळानं पांबनचा रेल्वेपूल मोडला. तो दुरुस्त करायचं काम या तरुण इंजिनिअरकडं आलं आणि त्यांनी 46 दिवसांत गाडी सुरू करून दिली. आणि विश्वेश्वरय्या? पुण्यात शिकले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरीला लागले. खडकवासल्याला त्यांनी जे आपोआप उघडणारे दरवाजे बसवले ते नव्या धरणाला नव्हे. धरण आधीच उभं होतं, पाणी कमी पडत होतं. भिंतीला धोका न देता पाण्याची पातळी काही फूट वर न्यायची होती. म्हणजे जुन्या धरणाचं आयुष्य आणि उपयोग वाढवण्याचं काम. ज्यांच्या नावानं आपण 15 सप्टेंबरला, अभियंता दिनी, हार घालतो, त्यांची इतकी गाजलेली कामगिरी तुझ्याच पक्षाची आहे, बाळ.

भाची : मग हे त्या दिवशीच्या भाषणांत का येत नाही?

मामा : कारण दुरुस्तीचं भूमिपूजन होत नाही. आता तू चिडशील, पण खात्याचा हिशेब ऐक. नव्या पुलाला अंदाजपत्रकात स्वतंत्र नाव असतं, त्याच्या मागं आमदार असतो, गाव असतं. देखभालीच्या पैशाला नाव नसतं. खड्डे बुजवा, मोऱ्या साफ करा, झाडं तोडा आणि उरलं तर पूल. उरत नाही. पाण्याखालचा पाया बघायला पाणबुड्या हवा, बोट हवी. मागणी केली की वरून विचारणा येते, पडलाय का? पडला नसेल तर थांबा.

भाची : आणि नव्यात तरी काय? सगळ्यात कमी दराचं टेंडर. अंदाजापेक्षा पंचवीस-तीस टक्के बिलो भरून काम घेणारा पैसे कुठून काढणार? खडीतून, सिमेंटमधून, क्यूरिंगच्या पाण्यातून. काँक्रीट निदान सात दिवस ओलं ठेवायचं, मिश्र सिमेंट असेल तर दहा. मी तिसऱ्या दिवशी सुकलेली गोणपाटं बघितलीत. चिपळूणला बहादूरशेख नाक्यावरचा उड्डाणपूल 2023 च्या ऑक्टोबरात बांधता बांधताच खाली आला. त्याला इंग्रजांचा काळ नव्हता की नदीचा पूर नव्हता.

मामा : बिलो टेंडरवर माझ्याकडं उत्तर नाही. एवढंच सांगतो की एम. बी. माझ्या हातात होती. मोजमापाची वही. पानांवर नंबर छापलेले, पान फाडता येत नाही, खाडाखोड केली तर सही लागते. त्या वहीत चढल्याशिवाय ठेकेदाराला पैसा नाही. एका पुलाच्या खांबात सेंट्रिंग काढल्यावर आतली खडी दिसायला लागली, पोकळी होती. ठेकेदार म्हणाला, गिलावा मारून देतो. मी म्हटलं, तोडा. तोडला. पुन्हा भरला. नंतर मला त्रास झाला, ती हकीकत राहू दे. तो पूल आजही वापरात आहे. वहीतल्या एका न केलेल्या नोंदीनं ते घडवलं.

भाची : तुम्ही सरकारी नोकरीत होतात, मामा. तुम्हाला बदली करता येत होती, काढता येत नव्हतं. माझ्यासारखीला उद्यापासून येऊ नको म्हणतात. आणि तपासणीच्या धंद्यात तर ज्याची इमारत तोच आम्हाला पैसे देतो. मी हातोडीनं स्लॅब ठोकून पोकळ आवाज कुठं येतो ते बघते, रिबाउंड हॅमर लावते, सळईच्या गंजाचं माप घेते, आणि मग फोन येतो, "मॅडम, किरकोळ दुरुस्ती लिहा ना." सीएसएमटीसमोरचा हिमालय पूल आठवतोय? 14 मार्च 2019. ऑडिटमध्ये तो किरकोळ दुरुस्तीच्या यादीत होता. संध्याकाळच्या गर्दीत कोसळला. ऑडिट करणाऱ्याला अटक झाली. मला पटलं, व्हायलाच हवी होती. पण त्या रात्री मी माझे सगळे जुने रिपोर्ट काढून वाचत बसले.

मला हे माहीत नव्हतं. त्या रात्री उशिरापर्यंत तिच्या खोलीत दिवा होता, एवढं आठवतं. मी जेवायला बोलावत होते.

मामा : हे तू त्याला सांगतेस ते भीती घालायला की...

भाची : खरं सांगायला. भीती वाटलीच पाहिजे त्याला. कॉम्प्युटरवाल्याची चूक बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी दुरुस्त होते. आपली चूक वीस वर्षं काँक्रीटमध्ये दडून बसते आणि ज्या दिवशी बाहेर येते त्या दिवशी वर माणसं असतात.

मामा : मग अशा जागी भीती वाटणारी माणसं हवीत की न वाटणारी? तुझ्यासारखी सगळी कॉम्प्युटरला गेली तर त्या रिपोर्टवर सही कोण करणार? जो किरकोळ लिहून मोकळा होतो तो. तिवऱ्याचं धरण 2019 च्या जुलैत फुटलं. गावकऱ्यांनी गळतीची तक्रार केली होती. पुढं खेकड्यांनी धरण पोखरलं असं सांगण्यात आलं आणि लोक संतापले. मीही संतापलो, पण माझं कारण वेगळं. मातीच्या धरणात उंदीर, खेकडे बिळं करतात, हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं. भरावावरची बिळं बघणं ही धरणाच्या तपासणीतली नेहमीची बाब आहे. खाली उतारावर पाणी पाझरतंय का, ते स्वच्छ आहे की गढूळ, ही त्याच्या पुढची. स्वच्छ पाणी झिरपलं तर लक्ष ठेवायचं. गढूळ आलं तर धरण आतून माती गमावतंय, धावायचं. खेकड्याचं नाव घेतलं की प्रश्न संपत नाही, सुरू होतो. ते बीळ बघायला कोण गेलं होतं?

भाची : तेच तर! जाणारा कोण आहे? धरण सुरक्षेचा कायदा 2021 मध्ये झाला. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी करायची, हे त्यात आलं. कागद झाला. पण धरणावर चढून उतरून बघणारी, पाणी ओंजळीत घेऊन रंग बघणारी माणसं किती जागांवर भरलीत?

मामा : म्हणून म्हणतो, पोराला येऊ दे.

भाची : आणि मी म्हणते, आधी ती जागा तयार करा, मग पोरं मागा. माझ्या भावाचा बळी देऊन तुमच्या रिकाम्या खुर्च्या भरायच्या नाहीत मला.

शब्द जरा जोरात गेला. मी चहा आणला. त्या चहापुरती शांतता राहिली. धाकटा तेवढ्यात पहिल्यांदाच बोलला. म्हणाला, ताई, तू हे सगळं सांगतेस तेव्हा तुझ्या आवाजात जे असतं ते मला तुझ्या कॉम्प्युटरवाल्या मैत्रिणींच्या आवाजात ऐकू येत नाही. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि काही उत्तर दिलं नाही. मामाकडं वळली.

भाची : बरं. मला एकच गोष्ट मिळाली तर मी त्याला अडवणार नाही. प्रत्येक पुलाच्या तोंडाशी पाटी. पूल कोणत्या सालचा, शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली, पाण्याखालचा पाया बघितला की नाही, किती भार चालेल, आणि तपासणाऱ्याचं नाव. मराठीत, ठळक. उद्घाटनाची संगमरवरी पाटी चालते ना? तिच्या शेजारीच.

मामा : अवघड आहे. उगाच म्हणत नाही. पाटीवर नाव आलं की तपासणारा स्वतःला वाचवायला बघणार. प्रत्येक पुलावर "धोकादायक" लिहून हात झटकणार. मग काय, सगळे पूल बंद? एसटी वीस किलोमीटरचा वळसा घेणार, पोरींची शाळा सुटणार, बाळंतपणाची बाई अडणार. धोकादायक आणि जुना यांतला फरक सांगणं हेच तर आपलं कौशल्य आहे. भीतीनं लिहिलेला रिपोर्ट हा खोट्या रिपोर्टइतकाच निरुपयोगी.

भाची : आणि आज काय होतं? धोकादायक लिहिलेल्या पुलावरही माणसं जातातच, कारण त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, किंवा सांगून अडवलेलं नसतं. 2025 च्या जूनमध्ये मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीत कोसळला. महिनाभरात गुजरातेत मही नदीवरचा गंभीरा पूल गेला, चाळीस वर्षांचाच. वाहनं पाण्यात. गावाला माहीत असतं, ऑफिसला माहीत असतं, वरून जाणाऱ्याला तेवढं माहीत नसतं.

मामा : मग तपासणाऱ्याला आधी बळ दे. बोट दे, पाणबुड्या दे, पैसा दे. "बंद करा" असं लिहिलं की त्याच दिवशी पूल बंद करायचा अधिकार दे, आणि चूक निघाली तर त्याच्या पाठीशी उभं राहणारं खातं दे. एवढं झाल्यावर पाटी. आधी पाटी लावलीस तर त्या पाटीखाली एक कनिष्ठ अभियंता एकटा उभा राहील आणि लोक त्यालाच मारतील. मी बघितलंय तसं.

भाची : तुमचा क्रम उलटा आहे. बोट, पाणबुड्या, पैसा हे तुम्ही तीस वर्षं आतून मागितलं आणि मिळालं नाही, आत्ता तुम्हीच म्हणालात. कारण मागणारे तुम्ही चारजण होतात आणि तुमची मागणी फाइलमध्ये होती. पाटीवर "पाण्याखालचा पाया तपासलेला नाही" असं नुसतं लिहा. मग त्या पुलावरून जाणारी आई विचारेल, का नाही तपासला? दूधवाला विचारेल. ती मागणी कुठलं खातं फाइलमध्ये ठेवतं बघू.

मामा : आणि सही?

भाची : माझी. मी खाली उतरून बघितलं असेल तर माझी सही, माझं नाव.

भावानं चष्मा काढून पुसला. मग धाकट्याला म्हणाला, फॉर्म भरायच्या आधी एक काम कर. हिच्याबरोबर एका पुलाखाली जाऊन ये. पुराचं पाणी ओसरत असतानाच जा, उन्हाळ्यात जाऊ नको. आणि ज्या कॉलेजांची नावं टाकणार आहेस तिथं फोन करून विचार की मटेरियल लॅबमध्ये क्यूब विद्यार्थी स्वतः भरतात की लॅबवाला आधीच फोडून आकडे देतो. लेक म्हणाली, आणि दुरुस्ती-तपासणीचा विषय खरंच शिकवतात का, शिकवणारे कोण, तेही विचार. नाव लिहून घे. "ऐच्छिक आहे" एवढ्यावर समाधान मानू नकोस.

त्यानं वही घेतली आणि दोघांचे प्रश्न उतरवून काढले. पसंतीक्रमाचं अजून ठरलेलं नाही. पाटीवरून त्या दोघांचं भांडण चालूच आहे, आणि त्यात मी आता लेकीच्या बाजूची आहे.